मेश्राम काकाजींची वही

मेश्राम काकाजी कॉम्प्युटरसमोर बसले की सगळं मुद्दाम चुकीचं करतात, आणि त्याचाच त्यांना पगार मिळतो. नावाच्या जागी फोन नंबर टाकायचा, फोन नंबरच्या जागी 'हाव', म्हणजे 'हो', लिहायचं, एकच बटण सात वेळा दाबायचं. प्रोग्रॅम बंद पडला की मांडीवर थाप मारून म्हणायचं, "मेला!"

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आमचं छोटंसं ऑफिस आहे. जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या ज्या काट्यावर मोजतात, त्या काट्याचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. म्हणजे मी बनवतो आणि काकाजी मोडतात. पूर्वी ते स्वतः काट्यावर कामाला होते, त्यामुळे कुठे काय अडेल हे त्यांना बरोबर ठाऊक. एकदा मी गाडीचा नंबर भरणं सक्तीचं केलं, तर म्हणाले, "अन् बैलगाडी आली तं? बैलाच्या शिंगावर नंबर पाह्यतं काय बे?" प्रोग्रॅम खरंच तिथेच अडला असता.

पण हे ज्ञान त्यांच्याकडून काढणं म्हणजे डोक्याला ताप. जागेवर बसून उत्तर म्हणून द्यायचे नाहीत. "चाल, चहा घेऊ." प्रश्न एका ओळीचा आणि उत्तराला दोन चहा, त्यात ढाणकीच्या एका व्यापाऱ्याची तीन भांडणं. लिहून द्या म्हटलं की ठरलेलं वाक्य, "कागदाले काय समजते?" खोटं कशाला सांगू, मला त्यांचा जाम वैताग यायचा.

यंदा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. महिनाभर सुट्टी, आणि इकडे हंगाम तोंडावर. आमच्या मालकीणबाई, म्हणजे मॅडम, स्पष्टच म्हणाल्या, "मेश्रामजी, सगळं लिहून दिल्याशिवाय जायचं नाही." काकाजी दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मग आठ दिवस वही नाकाला लावून लिहीत बसले. माझ्या टेबलावर ती आपटली आणि गेले.

वही उघडून मी गारच पडलो. कुठली चूक कुठे लपते, ती कशी शोधायची, कोणत्या गावचा ऑपरेटर काय करतो, सगळं सुवाच्य. आणि शेवटच्या पानावर एकच ओळ: 'बाकीचं महत्त्वाचं मले येऊन विचारजा.'

"हे बाकीचं कळल्याशिवाय सोमवारी प्रोग्रॅम पाठवायचा नाही," मॅडमनी बजावलं. मी फोन केला. "फोनवर नाई जमत," म्हणाले आणि ठेवून दिला. दात-ओठ खात मी त्यांच्या गावची, कळंबची एसटी पकडली.

दार उघडंच होतं. काकू वारल्यापासून काकाजी एकटेच राहतात. ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून खाटेवर बसले होते. "आलास? बैस. आधी हे थेंब टाकून दे डोयात. माह्या हातानं गालावरच पडून राह्यले." मी थेंब टाकले. मग चहा झाला, ढाणकीचा व्यापारी झाला, दोन तास गेले.

"काकाजी, ते बाकीचं काय राहिलं?"

"काई नाई. सारं लिहेल हाय."

माझं टाळकंच सटकलं. "मग ती ओळ कायले लिहिली? तिकडे सगळं काम अडून बसलंय!"

काकाजींनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "सारं लिहून देल्लं, तं आता मले कोण विचारते बाबू? आठ दिवस लिहून राह्यलतो, तं तेच भेव वाटे."

झाडायला आणलेलं सगळं भाषण मी गिळलं. बसस्टँडपर्यंत चालताना स्वतःचीच लाज वाटत होती.

ऑफिसात शिरताच मॅडमनी विचारलं, "मिळालं का बाकीचं?"

"सोमवारपुरतं मिळालं," मी म्हणालो. "पण त्यांच्याकडे अजून खूप आहे, मॅडम. दर आठवड्याला कोणालातरी जावं लागेल."

मॅडमनी ते शेवटचं पान पुन्हा वाचलं.

"बुधवारी मी जाते," त्या म्हणाल्या.