शमीम आपा आणि तुटलेलं कनेक्शन

आमच्या ऑफिसात राष्ट्रगीत नसतानाही सगळ्यांना उभं राहावं लागतं, कारण शमीम आपा डिलीट चालवणार असतात.

डेटाबेसमधून काही कायमचं काढून टाकायची वेळ आली, की आपा खुर्ची मागे सरकवतात, ओढणीच्या टोकानं चष्मा पुसतात आणि फर्मावतात, "हात वर! कोणी कीबोर्डले हात लावाचा नाई." मग आमचे मालक चंदूभाऊ, मी आणि टेबलं पुसायला आलेल्या शांताबाई, सगळे पोलिसांनी घेरल्यासारखे उभे. शांताबाईंच्या हातात फडकं असतं, तेही वर. आपा कमांड टाइप करतात, स्क्रीनवर बोट ठेवून ती शेवटाकडून सुरुवातीकडे वाचतात आणि मला विचारतात, "व्हेअर हाय का?"

"आहे, आपा."

"तुह्या डोळ्यानं पाह्यलं का?"

"पाहिलं."

"मंग बिस्मिल्ला."

व्हेअर म्हणजे अट. नेमकी कुठली नोंद काढायची हे ती सांगते. ती लिहायची राहिली, तर एका गिऱ्हाईकाऐवजी दुकानाची सगळी गिऱ्हाइकं साफ. "एका खोलीतला उंदीर माराले सांगतलं अन् खोली सांगाची राह्यली," आपा म्हणतात, "तं लोक घर पेटवून देतात." इतक्या वर्षांत आपांच्या हातून कुणाचं घर पेटलेलं नाही. आमचे हात मात्र दुखतात.

मंगरुळपीरच्या बाजारात, खाली झेरॉक्स आणि वर आम्ही, असं आमचं ऑफिस आहे. कृषी केंद्रं, अडत दुकानं, दूध संकलन केंद्रं यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. बनवतात आपा, 'आम्ही' हा शब्द चंदूभाऊंच्या व्हिजिटिंग कार्डावर असतो. मी पुण्याच्या एका कंपनीत होतो. कंपनीला एक दिवस साक्षात्कार झाला की माणसं जास्त झाली आहेत, आणि त्या जास्तीत नेमका मी निघालो. गावी परतलो तेव्हा आपांनी माझी पदवी, अनुभव आणि लॅपटॉप असं क्रमानं पाहिलं आणि माझं नाव 'इंजिनेर' ठेवलं. आदरानं नाही, हे सांगायला नको.

आपा टेलरमास्तरांच्या लेक. गावात कॉम्प्युटरला लोक टीव्ही समजत त्या काळात त्या अमरावतीला जाऊन एमसीए करून आल्या. दोन्ही भाऊ नागपूरला स्थायिक झाले, मास्तर मागच्या साली वारले, आणि आपांनी लग्न केलेलं नाही. का नाही, हे विचारायची हिंमत चंदूभाऊंत नाही आणि माझ्यात ती कुठून येणार?

कपड्यांचा धंदा घरातून गेला, पण भाषेतून गेला नाही. डेटाबेसमधला 'नल' म्हणजे शून्य, असं मी एकदा बोलून गेलो. आपांनी हातातला चहा खाली ठेवला. "इंजिनेर, शून्य म्हंजे खिसा हाय पण रिकामा. नल म्हंजे खिसा शिवलाच नाई. रिकाम्या खिशात हात तरी जाते." कॉलेजात हा विषय मला एका प्राध्यापकांनी सहा महिने शिकवला होता. त्यांना शिवण येत नसावं.

फोनवर आपा म्हणजे तर वेगळंच प्रकरण.

"आपा, कॉम्प्युटर बिघडला," पलीकडून एखादा दुकानदार ओरडतो.

"बिघडला नाई, तो काहीतरी म्हणून राह्यला. काय म्हणून राह्यला ते वाच."

"इंग्रजीत हाय."

"मंग इंग्रजीत वाच."

दुकानदार एकेक अक्षर दळण टाकल्यासारखं ओतत राहतो. आपा डोळे मिटून, मान डोलावत कव्वाली ऐकावी तसा तो एरर ऐकतात. त्यानं मधलं सोडून शेवटावर उडी मारली की पकडतात. "मधातलं कायले खाल्लं? पहिलेपासून वाच." शेवटी निदान होतं, "तू तोच बिल नंबर दुसऱ्यांदा टाकून राह्यला. मशीन खोटं बोलत नाई बाबा, आपणच आयकत नाई." आणि फोन बंद. नमस्कार, आभार वगैरे फालतू डेटा त्या साठवत नाहीत.

कोडमध्ये बदल केला की काय केलं याची एक ओळ लिहून ठेवायची असते. माझ्या ओळी 'फिक्स', 'नवीन फिक्स', 'फायनल फिक्स' आणि 'फायनल फिक्स खरंच' अशा चढत्या भाजणीच्या. आपांनी त्या सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवल्या. "कायले बदललं ते लिव्ह. काय बदललं ते मले दिसते." आणि जाता जाता, "तुह्या लग्नपत्रिकेवरही 'फायनल' छापशील तू."

अलीकडे मी अडलो, की ए.आय.ला विचारतो. आपा त्याला 'जावई' म्हणतात. "काय म्हणते आज जावई?" असं विचारत त्या माझ्या स्क्रीनवर वाकतात. "न विचारता बोलते, चुकलं तरी मान वर, अन् माफी मांगते तं इतकी गोड का पुन्हा जेवाले बोलवावं वाटते." जावयानं दिलेलं उत्तर त्या तपासून घेतात, दुरुस्त करतात आणि शेवटी, "पोरगं वाईट नाई, पण त्यानं मानोऱ्याची लाईट पाह्यली नाई," असा शेरा मारतात.

मानोरा हा आमच्या शेजारचा तालुका, आणि तिथली येणारी-जाणारी लाईट हाच खरा विषय आहे.

कारण एवढ्या हुशार आपा एका बाबतीत अगदी ढ होत्या. निदान मला तसं वाटायचं. लाईट जाऊन परत आली, की दुकानातला कॉम्प्युटर सुरू व्हायचा आणि आमचं सॉफ्टवेअर सगळ्यात आधी उठून डेटाबेसला हाक मारायचं. डेटाबेस त्या वेळी अजून डोळे चोळत असायचा. ओ आली नाही, की सॉफ्टवेअर रुसून 'डेटाबेसशी कनेक्शन होऊ शकले नाही' अशी पाटी लावून बसायचं. उपाय? प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडायचा. बस. हे शाळकरी पोरालाही फोनवर सांगता येतं.

पण जी बाई दुकानदाराकडून आख्खा इंग्रजी एरर फोनवर वदवून घेते, ती ही पाटी ऐकली की एकदम गंभीर व्हायची. "कशाले हात लावू नको. मी येते." हेल्मेट, पिशवी, स्कूटी, आणि आपा गेल्या. कधी आसेगाव, कधी मानोरा. परत यायच्या त्या ऊन उतरल्यावर.

"आपा, बंद करून चालू करायला एवढा वेळ?" चंदूभाऊ विचारायचे.

"बंद लवकर होते. चालू व्हायले वेळ लागते."

चंदूभाऊंनी बरीच वर्षं हे सोसलं. मग सोयाबीनचा हंगाम तोंडावर आला, नवी दुकानं मिळायला लागली आणि आपा हव्या तेव्हा जागेवर सापडेनात. चंदूभाऊंनी मला बाजूला घेतलं. "त्या पाटीचा कायमचा बंदोबस्त करून टाक. मी आपाला सांगून सांगून थकलो."

मी उत्साहानं कामाला लागलो. डेटाबेस हाकेला ओ देईपर्यंत प्रोग्रामनं थांबून पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचा, एवढंच तर लिहायचं होतं. दुपारपर्यंत झालंसुद्धा. आपांना मागे टाकल्याच्या आनंदात मी ते तपासायला त्यांच्यासमोर ठेवलं.

आपांनी वाचलं. फार वेळ नाही लागला.

"सारखं सारखं दार नको ठोकू," त्या म्हणाल्या. "पहिले जरासं थांब, मंग त्याच्या दुप्पट, मंग त्याच्या दुप्पट. अन् किती वेळा ठोकाचं त्याले हद्द ठेव. नाई तं मशीन लटकते." त्यांनी कीबोर्ड ओढला आणि माझ्या कोडमध्ये इतक्या सहज बदल केला, जणू पाठ असलेली कविता लिहावी.

मी बघत राहिलो. "आपा, तुम्हाला हे आधीपासून येत होतं?"

"मले काय येत नाई?"

"मग इतकी वर्षं केलं का नाही?"

"काम होतं," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या. काम होतं म्हणजे काय होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. कारण लिहून ठेवायला शिकवणाऱ्या बाईंनी कारण खाल्लं.

नवीन आवृत्ती सगळ्या दुकानांत गेली. लाईट जायची, यायची, सॉफ्टवेअर शहाण्या मुलासारखं थांबायचं आणि काम सुरू. कुणालाच काही बोलायला उरलं नाही. चंदूभाऊंनी मला पेढा दिला.

आपांचा फोन शांत झाला. सुरुवातीला त्या आमच्यावर तुटून पडल्या. डेटाबेसमधल्या माझ्या टेबलांना इंडेक्स नाहीत, माझ्या क्वेरी लंगड्या, माझी नावं बेंगरूळ. डिलीटची कवायत आता नुसत्या चाचणीच्या डेटाबेसवरही व्हायला लागली. आम्ही दिवसभर उठबस करत होतो. शांताबाईंनी तर कामावर यायची वेळच बदलून घेतली. पुढे पुढे तेही कमी झालं. दुपारी आपा स्क्रीनकडे तोंड करून डबा खायच्या आणि अर्धा तसाच झाकून ठेवायच्या.

एक दिवस त्यांनी मला हाक मारली. "इंजिनेर, मले एक फोन लाव."

"इथूनच? का?"

"वाजते का पाह्यते."

मी लावला. वाजला. आपांनी तो तोडला नाही, पूर्ण वाजू दिला. "वाजते," त्या म्हणाल्या आणि फोन पालथा घालून ठेवला. मला काहीतरी टोमणा सुचला होता. तो मी गिळला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मानोऱ्याहून दिगंबर राठोडांचा फोन आला, पण ऑफिसच्या नंबरावर. राठोडकाकांचं तिथं कृषी केंद्र आहे, पुढे दुकान आणि मागे घर.

"आपाचा फोन लागून नाई राह्यला. कॉम्प्युटर काही दाखवत नाई," ते म्हणाले. आपांचा फोन टेबलावरच होता आणि तो लागत होता, हे मी नुकतंच पाहिलेलं होतं.

"स्क्रीनवर काय लिहून आलंय?"

"काईच नाई. काळं."

"काका, वायर बघा बरं जरा."

"मले वायरीतलं काय समजते? आपाले धाडा."

"मी येतो ना."

"तू नको येऊ!" राठोडकाका घाईनं म्हणाले. मग सावरून, "म्हंजे ये, पण आपाले घेऊन ये."

आपल्या कायमच्या बंदोबस्तात काय बिघडलं ते पाहायला चंदूभाऊंनी मलाही पिटाळलं. आपांच्या स्कूटीवर मागे बसून मी मानोऱ्याला पोचलो. वाटेत खड्ड्यांवर त्या स्कूटी पळवत होत्या ती हंगाम साधायला निघाल्यासारखी.

दुकानात कॉम्प्युटरचा पडदा काळा होता, कारण त्याची वायर मागून काढलेली होती. ही जुन्या घाटाची वायर, दोन्ही बाजूंनी स्क्रूनं आवळलेली असते. काउंटरवर एक पेचकस पडलेला होता. माझी नजर गेली तसा राठोडकाकांनी त्याच्यावर बियाण्याचा कॅटलॉग ठेवला.

"काका," मी वायर हातात घेतली, "ही अशी आपोआप कशी निघेल? हिला तर—"

तेवढ्यात आतून एक म्हातारा आवाज कडाडला. "आपा आली का रे? इतके दिवस कुठं होती म्हणा! मशीन सुदरलं तं माणूस मेलं का?"

राठोडकाका खाली बघायला लागले. "याडी हाय माही," ते मला म्हणाले. याडी म्हणजे त्यांची आई. "रोज विचारे, आपा काहून येत नाई. म्या म्हटलं मशीन चांगलं चालून राह्यलं. तं म्हणे, मंग बिघडव."

आपांनी चष्मा काढला, ओढणीनं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

मी वायर लावायला वाकलो.

"इंजिनेर."

"काय आपा?"

"राहू दे ते. वायर लय जुनी हाय. मले सगळंच खोलून पाहा लागन." त्यांनी वायरीकडे बघितलंसुद्धा नव्हतं. "तू यष्टीनं जाय. मले इथं वेळ लागन."

त्या चपला काढून आत गेल्या. दारातून मला चुलीपाशी बसलेली म्हातारी दिसली. तिनं हातानंच जमिनीवर जागा दाखवली, आपा बसल्या, आणि त्यांनी नको नको म्हणत ताटावर धरलेला हात बाजूला सारून म्हातारीनं ज्वारीची भाकर वाढली. मग दोघी काहीतरी बोलल्या आणि आपा हसल्या. मोठ्यानं, मान मागे टाकून. ऑफिसात आम्ही हा आवाज कधी ऐकलेला नव्हता. राठोडकाका काउंटरवर उगाच बिलं चाळत उभे होते.

स्टँडवर यष्टीची वाट बघत असताना चंदूभाऊंचा फोन आला.

"काय बिघडलं होतं रे?"

"वायर निघाली होती."

"मग लावली ना?"

"आपा बघताहेत. संध्याकाळपर्यंत चालेल."

"एका वायरीला?"

"जुनी आहे, भाऊ."

चंदूभाऊ धंदेवाईक माणूस आहेत. त्यांनी वायरीचा हिशेब तिथंच सोडला.

"बरं," ते म्हणाले. "आसेगावहूनही आत्ताच फोन होता. डेअरीतला माऊस चोरीला गेला म्हणतात. म्हटलं, दुसरा पाठवतो, तर म्हणे माऊस नको, आपा पाहिजेत. उद्या तिकडं धाडू का त्यांना?"

"धाडा," मी म्हटलं, आणि यष्टीत चढलो.