सात्यांची जागा

दिनेशने सासूबाईंच्या सात्यांची जागा साऱ्या जगाला सांगितली, तीही फोटोसकट.

हेतू शुद्ध होता. चंद्रपूरच्या कॉलेजात तो वनस्पतिशास्त्र शिकवायचा आणि रानातल्या अळंबीच्या नोंदी ठेवणारं एक ॲप त्याने नुकतंच मोबाईलवर घेतलं होतं. श्रावणात व्याघ्रप्रकल्पाला लागून असलेल्या मोहर्लीजवळच्या सासुरवाडीला गेला, तेव्हा कांताबाईंनी जावयाचा मान म्हणून त्याला रानात नेलं. वारुळावर पांढऱ्याशुभ्र सात्या, म्हणजे रानअळंबी, छत्र्या उघडून उभ्या होत्या. ही जागा बाईंनी सख्ख्या बहिणीलाही दाखवली नव्हती. दिनेशने फोटो काढून, नकाशावर जागा टाकून बटण दाबलं. ॲपने त्याचं अभिनंदन केलं.

दुसऱ्या सकाळी वारुळापाशी अर्धं गाव टोपल्या घेऊन हजर. घुग्घुसहूनही मोटारसायकली आल्या होत्या. सात्यांचा देठसुद्धा उरला नाही.

"जवाईबापू, काऊन सांगतलं जी लोकायले?" कांताबाईंनी विचारलं.

"मामीजी, ते विज्ञानासाठी होतं."

"मंग भाजीबी विज्ञानाचीच खा."

दुपारी ताटात नुसतं वरण आलं. बायको रंजीताही आईच्याच बाजूची निघाली. दिनेश नोंद खोडायला बसला, पण तोवर ती गावोगावच्या ग्रुपांवर फिरत होती. लोकांना तिथून हटवायचं तर धाक हवा. त्याने नोंदीखाली लिहिलं, 'सावधान! वारुळामागे वाघीण, सोबत दोन पिल्लं. स्वतः पाहिली.'

गर्दी हटली नाही, नुसती बदलली. टोपल्या गेल्या आणि कॅमेरे आले. रस्त्यावर सफारीच्या जिप्सींची रांग लागली. शेवटी वनखात्याने वाटच बंद केली.

"आता तर मलेबी जाता येत नाई!" कांताबाई कडाडल्या आणि जावयाला घेऊन थेट नाक्यावर गेल्या. खरं सांगून मोकळं व्हायचं, असं दिनेशने वाटेत ठरवलं होतं.

"साहेब, त्या वाघिणीचं जरा..."

वनरक्षक देवराव खुर्चीतून उठलाच. "या सर! तुमच्या नोंदीवरूनच कॅमेरा लावला आमी. हे पाहा."

फोटोत वारूळ होतं. वारुळाला पाठ घासत वाघीण उभी होती.

कांताबाई मटकन बाकावर बसल्या. "तिथंच तर त्या दिवशी बसून राह्यली होती मी! जवाईबापू, तुमी सांगतलं नसतं, तर आज पहाटेच गेली असती जी." त्यांनी पदराने डोळे पुसले.

"फक्त मोजण्यात चुकले सर," देवराव म्हणाला. "पिल्लं तीन हायेत."

दिनेशने सासूबाईंकडे पाहिलं, मग फोटोतल्या वाघिणीकडे पाहिलं.

"एक झुडपाआड होतं," तो म्हणाला.