लिनिएज विरजणाची

आमच्या परतूरच्या गल्लीत नवा भाडेकरू आला, की त्याचं सामान उतरायच्या आत दिगंबर सर त्याच्या दारात हजर. "वेलकम. लिनिएज सांगा." बिचारा गांगरून आधार कार्ड शोधायला लागायचा. मग टेम्पोशेजारी उभं करून सर त्याला त्या शब्दाचा अर्थ, म्हणजे वंशावळ, शिकवायचे आणि वर फर्मावायचे, "आता वाक्यात उपयोग करा."

सर इंग्रजीचे निवृत्त शिक्षक, माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. एवढी इंग्रजी भाषा सोडून त्यांचा जीव या एकाच शब्दावर का जडला होता, देव जाणे. त्याचा वापर मात्र ते फार जपायचे. "पेडिग्री जनावराची, लिनिएज माणसाची. सरमिसळ केली की मार्क कट!" दूधवाल्याने एकदा म्हशीची लिनिएज सांगितली, तर सरांनी त्याला भर उन्हात इतका वेळ दुरुस्त केलं, की दूध नासायची वेळ आली.

स्वतःची लिनिएज ते निजामाच्या काळापासून घडाघडा म्हणून दाखवायचे. खापरपणजा, पणजा, आजा करत खाली यायचे आणि स्वतःपाशी थांबायचे. मूलबाळ नव्हतं. तिथं ते चष्मा पुसायचे.

गल्लीतल्या सलमाभाभींनी एकदा विचारलं, "सर, लिनिएज म्हंजे खानदानच ना?"

"बराबर! फुल मार्क!" सर खूश झाले.

मार्क मिळाले नाहीत ते मात्र कमलकाकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला. काकूंचं दही चाकूनं कापावं असं घट्ट. लग्नात तीर्थपुरीहून आजीनं दिलेलं विरजण त्यांनी कधी मोडू दिलं नव्हतं. आजच्या दह्यातलं चमचाभर उद्याच्या दुधाला, असं ते चालत आलेलं. गल्लीतल्या निम्म्या घरांत तेच लागायचं. एकदा माझ्यापुढे ताकाचा पेला ठेवत काकू हौसेनं म्हणाल्या, "अहो, माझ्या दह्याचीबी लिनिएज हाय की. माझ्या आजीपासूनची."

"कमल, वस्तूला लिनिएज नसते. मार्क कट," सर ताडकन म्हणाले.

काकू हसल्या. पण तो शब्द त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. सुतकात सरांकडे दूध तापलं नाही, जेवण शेजारून जायचं. मदतीला आलेल्या कुणा नातेवाईक बाईनं आंबलेलं दही मोरीत ओतलं आणि गाडगं राखेनं लख्ख घासून पालथं घातलं. तिचं तरी काय चुकलं म्हणा.

पाहुणे गेल्यावर सरांच्या ते ध्यानात आलं. रिकामी वाटी घेऊन ते माझ्या दारात उभे. "तुमच्याकडं कमलचं विरजण असंल ना?"

नव्हतं. उन्हाळ्यात गावी गेल्तो तेव्हा आमचं मोडलं, तेव्हापासून पिशवीतलं दही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांच्याबरोबर निघालो. घरोघरी तीच गत. कुणी पिशवी दाखवली, कुणी प्लास्टिकचा डबा. सर सगळ्यांना थँक्यू म्हणत पुढे सरकत होते. एकालाही त्यांनी लिनिएज विचारली नाही.

शेवटी उरल्या सलमाभाभी. त्या बरेच दिवस लेकीकडे शहागडला राहून नुकत्याच परतल्या होत्या, त्यामुळे आशा नव्हतीच. त्या आत गेल्या आणि झाकलेली बरणी घेऊन आल्या.

"कमलबाईचंच हाय, बिलकुल. लेकीकडं जाताना संग नेल्तं. मोडलं असतं तर त्यांला काय तोंड दाखवलं असतं?" वाटीत चमचा सोडत त्या म्हणाल्या, "खानदान सलामत हाय, सर."

दह्याला खानदान! आता सर चूक काढणार, असं मला वाटलं. पण त्यांनी वाटी दोन्ही हातांनी धरली.

"भाभी, तिच्या आजीचं नाव काय होतं? बोलली का कधी तुमच्यापाशी?"

"न्हाई, सर. तुम्ही न्हाई विचारलं?"

"साऱ्या गावाला विचारलं," सर म्हणाले. "तिलाच तेवढं राह्यलं."

वाटीवर तळहात धरून सर जपून पायऱ्या उतरले. आपल्या दाराशी थांबून माझ्याकडे वळले.

"तिचं वाक्य बराबर होतं हो," ते म्हणाले. "मार्क मीच कापले."