वायरीची वाटणी

घराची वाटणी झाली तेव्हा ड्रिल मशीन धाकट्याच्या वाट्याला आलं आणि भोक पाडायला त्याला पुढे लावायच्या बिटांचा डबा थोरल्याच्या. हे कुणी मुद्दाम केलं नव्हतं. मशीन ज्या कपाटात होतं ते कपाट धाकट्याचं, आणि डबा ज्या माळ्यावर होता तो माळा थोरल्याचा, एवढंच. मग घराच्या मधोमध भिंत उभी राहिली, भावाभावांचं बोलणं बंद झालं आणि तेव्हापासून दोन्ही घरांत भिंतीला एकही भोक पडलं नाही. घड्याळं टेबलावर उभी असत, फोटो सोफ्याला टेकून. बाजारात नवे बिट मिळतात हे धाकट्याला ठाऊक होतं, मशीनही मिळतं हे थोरल्याला. पण हक्काची वस्तू विकत आणायची म्हणजे हार मानायची, या एका बाबतीत दोघा भावांचं अजून एकमत होतं.

अडचण आली ती लेकीच्या मुलाखतीमुळे. धाकट्याच्या मुलीला तिच्या मनासारख्या नोकरीसाठी इंटरनेटवरून मुलाखत द्यायची होती. राउटर खाली हॉलमध्ये, तिची खोली वर, आणि वर सिग्नल पोहोचेपर्यंत त्याचा जीव जायचा. वर केबल न्यायची तर भोक पाडायला हवं होतं.

"भोक नको?" दुकानदार म्हणाला. "मग हे अडॅप्टर घ्या. एक खालच्या सॉकेटला, एक वरच्या. इंटरनेट घरातल्या विजेच्या वायरीतूनच जातं. परवाच एक काका हीच जोडी घेऊन गेले. त्यांनाही भोक नको होतं."

जगात आपल्यासारखे समजूतदार लोक आहेत, याचा धाकट्याला आनंद झाला.

पहिल्या दिवशी सगळं छान चाललं. दुसऱ्या दिवसापासून इंटरनेटच्या अंगात आलं. मधेच पळायचं, मधेच बसायचं. लेक रोज मुलाखतीचा सराव करायची, त्याचा व्हिडिओ काढायची आणि फोनवरून हॉलमधल्या टीव्हीवर लावून बघायला जायची, तर टीव्ही काळाठिक्कर. शेवटी खरी मुलाखत सुरू झाली. "तुमच्याबद्दल थोडं सांगा," समोरून विचारलं गेलं, लेकीने तोंड उघडलं आणि चित्र तिथेच गोठलं. पलीकडच्या तिघांनी बराच वेळ तिची पडजीभ पाहिली. त्यांनी भल्या मनाने शुक्रवारी पुन्हा बोलावलं, पण ही शेवटची संधी असंही कळवलं. लेक दार लावून रडली. धाकट्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी हॉलमधला टीव्ही आपोआप सुरू झाला. पडद्यावर एक गंभीर गृहस्थ दाराच्या बिजागरीत तेल सोडत होता.

"रिमोट कुणाकडे आहे?" धाकट्याने विचारलं.

"तुमच्याच मांडीवर," बायको म्हणाली. मग ती पडद्याकडे बघत राहिली. "अहो, असलं कोण बघतं ठाऊक आहे ना? भाऊजी."

तेवढ्यात भिंतीपलीकडून खणखणीत आवाज आला, "अगं, मी फोनवरून लावतोय, पण आपला टीव्ही काही दाखवतच नाही!"

लेक जिन्यावरून धावत खाली आली. तिने फोनवर काहीतरी चाळलं आणि कपाळावर हात मारला. "बाबा, दुकानदाराने सांगितलेलं ते गिऱ्हाईक म्हणजे आपले काका! तुम्ही भिंत बांधलीत, पण वायरिंग एकच ठेवलंत. दोन्ही जोड्या एकाच कंपनीच्या. त्या भिंतीतून एकमेकींशी बोलतायत!"

"निदान त्या तरी," बायको म्हणाली.

"यावर उपाय?"

"दोन मिनिटं बटण दाबून दोन्ही जोड्या वेगळ्या करता येतात, पण काकांच्या जोडीचं बटण काकांनाच दाबावं लागेल. नाहीतर उद्या तासभर काकांनी त्यांची जोडी काढून ठेवायची. नाहीतर केबल."

"केबल टाकू."

"बिट?"

सगळे रस्ते थोरल्याच्याच दाराशी जात होते. धाकटा जागचा हलेना. मग त्याने लेकीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, चपला घातल्या आणि बाहेर पडला.

थोरल्याच्या दाराशी तो उभा राहिला. बेल वाजवावी की कडी, हे ठरत नव्हतं. तो परत फिरणार, तोच दार उघडलं. बिजागरी जराही वाजली नाही. थोरला हातात बिटांचा डबा घेऊनच उभा होता.

"दादा," धाकटा म्हणाला. पुढचं वाक्य त्याने वाटेत जुळवलं होतं, ते अर्धंच बाहेर आलं. "उद्या पोरीची..."

"उद्या अकराला. भिंतीतून सगळं ऐकू आलं मला." थोरला खाकरला. "तिला सांग, उत्तर देताना मान खाली घालू नकोस. आणि 'तुमच्यातला दोष कोणता' असं विचारलं की ती खरंच दोष सांगते. तसं करायचं नसतं."

"तुला कसं ठाऊक?"

"रोज संध्याकाळी आमच्या टीव्हीवर लागते ती," आतून वहिनी म्हणाली. "हे पुढच्या खुर्चीत बसतात. पहिल्या दिवशीच कळलं होतं काय झालंय ते. पण आमची जोडी काढायला हात लावतील तर शपथ."

थोरल्याने मान फिरवली. "मोठी झाली रे," तो म्हणाला. "भिंतीपलीकडून नुसता आवाज यायचा. दिसत नव्हती." मग त्याने डबा पुढे केला. "घे. भोक पाड, केबल टाक. म्हणजे कायमची कटकट संपेल."

इतक्या वर्षांत धाकट्याने या डब्याची किती वाट पाहिली होती! तो डब्याकडे बघत राहिला.

"राहू दे तुझ्याकडेच," तो म्हणाला. "उद्या तासभर जोडी काढून ठेव, तेवढं पुरे."

शुक्रवारी थोरल्याने मुलाखतीच्या कितीतरी आधीच जोडी काढली आणि ती मुठीत धरून खुर्चीत बसून राहिला. लेक मान वर करून बोलली. इंटरनेट एकदाही अडखळलं नाही आणि नोकरी मिळाली.

त्याच संध्याकाळी धाकट्याच्या टीव्हीवर तो गंभीर गृहस्थ पुन्हा आला. आज त्याने दुरुस्तीला खिडकी घेतली होती. बायकोने रिमोट उचलला.

"असू दे," धाकटा म्हणाला. "बघतोय मी."

इंटरनेट आजही दोन्ही घरांत रडतखडत चालतं. जोड्या वेगळ्या करायला दोन मिनिटं लागतात. ती अजून कुणालाच मिळालेली नाहीत.