अठरा नट टपालात

सासऱ्यांना पंचाहत्तराव्या वाढदिवसाला काय द्यायचं, या प्रश्नाचं 'स्वेटर' असं एक अत्यंत सोपं उत्तर होतं. बायकोने ते मला दोनदा सुचवलंही होतं. तेव्हाच निमूटपणे दुकानात जाऊन एक करडा स्वेटर आणला असता, तर आज नातेवाइकांत माझं नाव निघताच लोक पोट धरून हसले नसते. पण मला अवदसा आठवली. मी मनाशी ठरवलं, बाबांच्या गाडीला हेडर बसवायचे. आणि तेही स्वतःच्या हातांनी, घरच्या गॅरेजमध्ये.

आमचे सासरे छत्तीस वर्षं एका बस कंपनीच्या वर्कशॉपचे फोरमन होते. माणसाकडे बघतानासुद्धा ते आधी त्याचा आवाज ऐकतात आणि मग कुठे काय ढिलं आहे याचा अंदाज घेतात. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण माझ्या हातच्या कुठल्याही कामाला त्यांनी अजून 'बरं' म्हटलेलं नाही. एकदा त्यांच्या घरचा दिवा मी बदलला. ते उठले, स्टुलावर चढले, मी लावलेला दिवा काढला आणि तोच परत लावला. त्या दिवसापासून माझं आयुष्यात एकच ध्येय उरलं होतं, या माणसाच्या तोंडून एकदा तरी 'शाबास' ऐकायचं.

त्यांची गाडी म्हणजे एक लाल, दोन दारांची, बुटकी स्पोर्ट्स कार. तरुणपणी हौसेने घेतलेली. त्यांच्या नव्या फ्लॅटला गॅरेज नाही म्हणून ती आमच्याकडे असते. दर महिन्याला ते येतात, गाडी सुरू करतात, डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, "हिचा श्वास कोंडतो हो. हेडर टाकले की कशी मोकळी होईल." गेली तीस वर्षं ते हेच म्हणत आले. आधी पोरीचं शिक्षण, मग घर, मग गुडघे, असं करत ते राहूनच गेलं. आता पंचाहत्तरी झाली की गाडी चालवायचा परवाना परत करायचा, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. वाढदिवसाच्या रविवारी अकरा वाजता ते ती गाडी शेवटची चालवणार होते. म्हणजे हेडर बसायचे तर त्याआधीच.

(ज्यांना हेडर म्हणजे काय ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मलाही आदल्या आठवड्यापर्यंत ठाऊक नव्हतं. इंजिनातला धूर एका जाडजूड ओतीव लोखंडी डब्यातून सायलेन्सरकडे जातो. तो डबा काढून तिथे चार लांब, सुट्या, वळणदार नळ्या लावायच्या. त्या नळ्या म्हणजे हेडर. धूर मोकळा होतो, गाडी पळते आणि आवाज छातीत घुमतो.)

नळ्या बुधवारी येणार होत्या. शहाण्या माणसाने बुधवारपर्यंत थांबून मग जुना डबा काढला असता. मी शनिवारीच बाह्या सरसावल्या. बायकोला सांगितलं, गाडी धुतोय. सबंध शनिवार-रविवार मी गाडी धूत होतो तरी तिला संशय आला नाही, कारण माझ्या कामाचा वेग तिला माहीत आहे.

जुने नट काही केल्या हलेनात. तेल सोडलं, वाट बघितली, ठोकलं, विनवण्या केल्या. एक नट सुटला तो इतका अचानक की मी पाना हातात घेऊन भिंतीवर जाऊन आदळलो. पण रविवारी दुपारपर्यंत सगळं सुटलं. डब्याचे नऊ, त्यावरच्या पत्र्याचे चार, खालच्या जोडाचे तीन आणि आधाराचे दोन. एकूण अठरा.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी एका मोठ्या कचेरीत आवक विभागात कारकून आहे. आलेलं पाकीट मागून फोडायचं, आतला कागद काढायचा, त्याला क्रमांक द्यायचा, शेरा लिहायचा. एकोणीस वर्षं हेच करतोय. त्यामुळे अठरा सुटे नट समोर दिसताच माझ्यातला कारकून जागा झाला. हॉलमधल्या टेबलावर पाकिटांचा गठ्ठा पालथा पडला होता. मोजली तर बरोबर अठरा! याला मी शुभशकुन समजलो. प्रत्येक पाकिटात एक नट आणि एक चिठ्ठी घातली. चिठ्ठीवर क्रमांक, जागा आणि शेरा. 'क्र. ४. वरून चांगला दिसतो, आतून झिजलेला.' 'क्र. ७. गंजलेला. जागचा हलवायला फार त्रास. बदलून टाकावा काय?' असं सगळं व्यवस्थित. मग पाकिटं चिकटवली आणि दाराजवळच्या कपाटावर ओळीने रचून ठेवली.

पाकिटाची पुढची बाजू मी बघितली नाही. का बघीन? आमच्या कचेरीत पुढची बाजू बघायला दुसरा माणूस आहे.

सोमवारी संध्याकाळी कचेरीतून आलो तर बायकोने दारातच माझ्या हातातली पिशवी घेतली. चौदा वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं.

"अहो, तुम्ही एवढं कराल असं वाटलं नव्हतं मला," ती म्हणाली.

मी हबकलो. "तुला कळलं?"

"कळणार नाही? समोरच तर ठेवली होतीत. न सांगता, एकट्याने, अठराच्या अठरा! चिकटवलीतसुद्धा!"

"आवडलं तुला?"

"आवडलं काय विचारता? मला भरून आलं हो. मी तीन दिवस टाळत होते ते काम."

बायको तीन दिवस गाडीचे नट काढायचं टाळत होती, हे वाक्य जरा विचित्र होतं. पण कौतुक चालू असताना मध्येच चौकशी करणाऱ्यांतला मी नव्हे. मी म्हणालो, "एवढं काही नाही गं," आणि तिने केलेला चहा दोनदा घेतला.

बुधवारी नळ्या आल्या. अशा चकचकीत, की हात लावायला मन होईना. मी पाना घेतला आणि नट आणायला दाराजवळ गेलो. कपाट मोकळं होतं. त्याच क्षणी फोन वाजला. हिचे धाकटे काका. बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने तापट, देहाने भारदस्त.

"गंजलेला कोण?" काकांनी विचारलं.

"काय म्हणालात?"

"तुमच्या पत्रात लिहिलंय. गंजलेला. जागचा हलवायला फार त्रास. बदलून टाकावा काय? जावईबुवा, परवा तुमच्या सोफ्यावरून उठायला मला वेळ लागला हे खरं आहे. पण म्हणून असं लेखी कळवायचं?"

मी फोन बायकोकडे दिला. पुढच्या पाच मिनिटांत सगळा उलगडा झाला. टेबलावरची अठरा पाकिटं ही बाबांच्या वाढदिवसाच्या आमंत्रणाची होती. तिने त्यांच्यावर पत्ते लिहून तिकिटं लावून ठेवली होती. प्रत्येक आमंत्रणाबरोबर आठवण म्हणून छोटा पाना लावलेली किल्ल्यांची एक साखळी घालायची होती, त्यामुळे पाकिटं हाताला जड लागली तेव्हा तिला आनंदच झाला. माझ्यावर प्रथमच पूर्ण विश्वास टाकून सोमवारी सकाळी तिने ती टपालपेटीत टाकली. आमंत्रणं आणि साखळ्या आतल्या कपाटात होत्या तशाच होत्या.

"म्हणजे बाबांच्या गाडीचे नट..." ती म्हणाली.

"अठरा घरांत आहेत," मी म्हणालो.

"आणि बाबा रविवारी गाडी चालवणार आहेत. शेवटची."

तीस वर्षं वाट बघितलेल्या माणसाचा एक दिवस मी उधळून लावला होता, आणि वर त्यासाठी दोनदा चहा प्यालो होतो.

स्पेअर पार्टवाल्याकडे धावलो. त्याने नमुना मागितला. नमुना कुठून आणू? गाडीचं नाव सांगितल्यावर तो हसला. "या गाडीच्या नटांचे आटेच वेगळे. असले नट माझ्या वडिलांच्या काळात मिळायचे. तुमचे जुने कुठे गेले?"

"नातेवाइकांकडे," मी म्हणालो. तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

शेवटी बायकोने पदर खोचला आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. "रविवारी बाबांचा वाढदिवस आहे, अकराला आमच्याकडे या. भेटवस्तू नको. नट मात्र विसरू नका." मावशी म्हणाली, "आणते गं. पण तुझ्या नवऱ्याला विचार, 'वरून चांगला, आतून झिजलेला' हे आमच्या यजमानांबद्दल त्याला कळलं कसं? मला कळायला बावीस वर्षं लागली." काका मात्र म्हणाले, "बघतो," आणि फोन ठेवून दिला.

रविवारी सकाळी बायको टॅक्सीने बाबांना आणायला गेली. वाटेत तीच त्यांना सगळं सांगणार होती. मी गॅरेजमध्ये उभा राहिलो. एकेक नातेवाईक मुठीत नट घेऊन येत होता आणि माझ्याकडे बघून हसू दाबत होता. चुलत मेव्हण्याने त्याच्याकडचा नट डगमगत्या खुर्चीला लावून टाकला होता आणि आता तो निघत नव्हता, म्हणून तो खुर्चीच खांद्यावर घेऊन आला. अकराला दहा कमी असताना सतरा नट जमले. काकांचा पत्ता नव्हता.

टॅक्सी थांबली. बाबा उतरले. त्यांनी उघडलेलं बॉनेट बघितलं, नळ्या बघितल्या, मला बघितलं.

"बाबा, माझं चुकलं," मी म्हणालो. "तुम्हाला न विचारता..."

"चिठ्ठ्या कुठायत?" बाबांनी विचारलं.

सगळ्यांनी खिशातून चिठ्ठ्या काढल्या. ते एकेक वाचू लागले. वाचता वाचता त्यांची मिशी हलायला लागली. तेवढ्यात धापा टाकत काका आत आले. त्यांनी नट दाणकन मडगार्डवर ठेवला आणि चिठ्ठी भावाच्या हातात दिली. "वाच! मोठ्याने वाच, हा माझ्याबद्दल काय लिहितो ते!"

बाबांनी मोठ्याने वाचलं. आणि मग ते हसले. चौदा वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. गाडीला धरून, डोळे पुसत, गुडघे दुखेपर्यंत हसले. मग गॅरेज हसलं, आणि शेवटी काकाही हसले.

मग बाबांनी कोट काढला. "पाना द्या. सांध्यातली गॅस्केट आधी. आता मधल्या नटापासून सुरुवात करायची आणि बाहेर बाहेर यायचं. पाच नंबर कोणाकडे?"

"माझ्याकडे!" मागून कोणीतरी म्हणालं.

"या पुढे. चार नंबर?"

"तो आमच्याकडे, यजमानांच्या खिशात," मावशी म्हणाली.

असे अठरा जण पुढे आले. ज्याने त्याने आपापला नट हाताने फिरवला आणि बाबांनी तो आवळला. खुर्चीतला नट त्यांनी एका हिसक्यात काढला. मला उजेडासाठी बॅटरी धरून उभं राहायचं काम दिलं होतं. (तीही मी दोनदा भलतीकडे धरली.)

बाबा आत बसले. किल्ली फिरवली. गाडीने एक खोल श्वास घेतला आणि असा आवाज काढला की काकांनी कोटाची बटणं लावली. पण दुसऱ्याच मिनिटाला बॉनेटखालून पांढरा धूर! मी 'आग! आग!' ओरडत मोरीकडे पळालो आणि भरलेली बादली घेऊन आलो.

"खाली ठेवा ती बादली!" बाबा गरजले. "नव्या नळ्यांवरचं तेल जळतंय. पाच-दहा मिनिटांत थांबेल."

मी बादली ठेवली, स्वतःच्या पायावर. धूर खरोखरच विरला. आवाज गोल झाला, भरदार झाला. बाबांनी डोळे मिटले आणि ऐकत राहिले. पुन्हा एकदा पाना फिरवून झाला, बायको शेजारी बसली आणि बाप-लेक निघाले. दोन गल्ल्या पलीकडूनही तो आवाज येत होता. गाडी दिसेनाशी आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत आम्ही सगळे अंगणात उभे होतो. मला इतका आनंद झाला होता की ओल्या बुटांचं भानच नव्हतं.

अर्ध्या तासाने ते परत आले. बाबांनी इंजिन बंद केलं, स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला आणि किल्ली लेकीच्या हातात दिली. तिचे डोळे लाल होते. मग त्यांनी मला जवळ बोलावलं.

"जावईबापू, त्या चिठ्ठ्या तुम्ही एकट्याने लिहिल्यात?"

"हो, बाबा."

"छत्तीस वर्षं मी माझ्या माणसांना सांगत आलो, काढलेला प्रत्येक नट लिहून ठेवत जा. एकाने ऐकलं नाही. असं काम मी आज पहिल्यांदा बघितलं." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शाबास."

मला हुंदका आला. खरोखर आला. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण माणसाची हाव.

"म्हणजे बाबा, तेव्हा मी आलो असतो, तर तुमच्या वर्कशॉपमध्ये घेतलं असतंत मला?"

"त्याच दिवशी."

"मेकॅनिक म्हणून?"

बाबांनी माझ्याकडे, माझ्या भिजलेल्या बुटांकडे आणि बादलीकडे शांतपणे बघितलं.

"ऑफिसात," ते म्हणाले. "आणि वर्कशॉपकडे उघडणाऱ्या दाराला बाहेरून कुलूप घातलं असतं."