विलायणाचं बारसं

बाकावर कुणाची वस्तू राहिली तर ती जमा करावी, असा रेल्वेचा नियम आहे. ती वाचावी असं कुठेही म्हटलेलं नाही. मी वाचली, आणि तिथून सगळं बिघडलं.

मी जऊळका स्टेशनावर बुकिंग क्लार्क. गाडी नसली की मला एका जागी बसवत नाही. मी खिडकी उघडतो, बंद करतो, शाई ढवळतो, उगाच सिग्नलकडे बघून येतो. (सिग्नल माझ्या बघण्याने पडत नाही, हे मला ठाऊक आहे.) अशाच एका चकरेत बाकावर मला इंग्रजी चित्रांचं पुस्तक सापडलं. फर्स्ट क्लासमध्ये बसून गेलेल्या कुण्या साहेबाच्या कुटुंबाचं असावं. त्याची शेवटची पानं माझ्याआधी चहावाल्या फुलचंदला सापडली होती आणि त्यांत भजी बांधून तो मोकळा झाला होता. उरलेलं मी घरी नेलं.

काय माणूस होता त्यात! दंड असे, की एकेकात मी पुरा मावलो असतो. विजारीवरून लाल लंगोट. (विलायतेत थंडी फार, त्यामुळे आधी विजार आणि मग लंगोट, असाच क्रम असणार.) एका पानावर तो लोखंडी तिजोरी खांद्यावर घेऊन चाललाय, दुसऱ्यावर आख्खं इंजिन डोक्यावर उचललंय. आणि एक लुकडा, पाठीला चादर बांधून, सारखा उडत येऊन त्याच्या कामात लुडबुड करतोय. असे लोक आमच्याकडेही आहेत, त्यांना इन्स्पेक्टर म्हणतात. उरलेल्या शेवटच्या पानावर तर तो पहिलवान रेल्वेच्या पुलाखाली खांदा लावून उभा होता आणि वरून गाडी येत होती. रेल्वेचा नोकर नसताना बिचाऱ्याने पूल सावरून धरलेला पाहून मी चित्राला हात जोडले.

त्याचं नाव पानोपानी छापलं होतं, पण मला नीट लागेना. माझं इंग्रजी तिकिटापुरतं. स्टेशनमास्तरांना विचारता आलं असतं, पण 'मला इंग्रजी येतं' हे मी आधीच गावभर सांगून बसलो होतो. मग डोकं चालवलं. नारायणदास शेटजींच्या मालाच्या बिल्टीवर, म्हणजे पावतीवर, 'नारायण'च्या शेवटी ए-आय-एन असतं. याच्याही शेवटी ए-आय-एन होतं. तो नारायण, तर हा विलायण. शिवाय माणूस विलायतेचा! शंकेला जागाच उरली नाही.

त्याच सुमारास मला मुलगा झाला होता. कस्तुराबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, आई नाही, म्हणून बाळंतपण क्वार्टरातच झालं. पोरगं इतकं किडकिडीत, की पार्सलच्या काट्यावर ठेवलं तर काटा हललाच नाही. लोक हसले, मीही हसलो. पण मनातून मी फार घाबरलो होतो. जन्मभर लोकांनी मला 'हवेत उडशील' म्हणून चिडवलंय. पोराच्या वाट्याला ते येऊ नये, एवढंच मला हवं होतं. नाव दणदणीत ठेवलं तर अंगात काहीतरी उतरेल, असं मी धरून बसलो.

"अवो, पुंजाजी ठेवू," कस्तुराबाई म्हणाली. ती मला 'अवो' म्हणते. नवऱ्याचं नाव ती घेत नाही. "माह्या आज्याचं नाव हाय. भरल्या गाडीचं चाक एकट्यानं उचले थो."

"चाक? हा इंजिन उचलते!" मी पान दाखवलं.

"ह्यानं वरून लंगोट काहून घातला?"

"तुले नाई समजनार. मोठ्या लोकायचं तसंच राह्यते."

मी विलायणाचं पुलाखालचं चित्र पाळण्यावर भिंतीला चिकटवलं. माझी बहीण गोजराबाई बारशासाठी कामरगावहून आली होती. तिने चित्राला भक्तिभावाने हळदकुंकू वाहिलं. तिला मी नाव घोकून घोकून पाठ करायला लावलं, कारण आमच्यात नाव आत्याच ठेवते. बाळाच्या कानाशी 'कुर्रर्र' करून नाव सांगायचं, आणि त्याच वेळी बाकीच्या बायांनी तिच्या पाठीत बुक्के मारायचे. एकदा कानात पडलेलं नाव पडलं. ते काढून घेता येत नाही.

बारशाच्या दिवशी आत बाया जमल्या आणि आम्ही पुरुष ओट्यावर घुगऱ्या खात बसलो. विलायणाचं पुस्तक मी मुद्दाम मधोमध ठेवलं होतं, म्हणजे कुणीतरी विचारेल. विचारलं ते आमच्या स्टेशनमास्तरांनी, गोपीचंद मास्तरांनी.

"हे काय हाय, जगदेव?"

"विलायनाचं पुस्तक, मास्तर. पोराचं नाव त्याचंच ठेवून राह्यलो."

"कोनाचं?"

"ह्या विलायनाचं."

मास्तरांच्या तोंडातली घुगरी बाहेर आली. "अबे, हे नाव नाई! व्हिलन म्हंतेत याले. व्हिलन म्हंजे बदमाश! नाटकात जो शेवटी मार खाते थो!"

"पन यानं तं पूल धरून..."

"धरून नाई, पाडून राह्यला! हे त्याच्या आधीचं पान वाच ना, गाडी पाडतो म्हंते थो. अन् हा चादरवाला त्याले पकडाले आला." मास्तरांनी पुस्तक मिटलं. "गाडी पाडनाऱ्याचं नाव तू रेल्वेच्या क्वार्टरात ठेवून राह्यला? स्टेशनाच्या बोर्डावर लिहून लावू का?"

आतून बायांचा गलका ऐकू आला. पोरगं शाळेत जाईल, हजेरीला कुणीतरी 'बदमाश' म्हणून हाक मारेल, आणि ते किडकिडीत पोरगं 'हजर' म्हणेल! मी घुगऱ्यांची परात ओलांडून (म्हणजे तिच्यात पाय देऊन) आत धावलो.

गोजराबाई पाळण्यावर वाकली होती. पवित्र काम करताना ती डोळे मिटते.

"अक्का, थांब!" म्हणत मी बाया बाजूला सारल्या आणि तिच्या तोंडाच्या आणि बाळाच्या मध्ये माझं डोकं घातलं.

"कुर्रर्र... विलायन!" गोजराबाईने माझ्या कानात ठणकावून सांगितलं.

लगेच बुक्के सुरू झाले. नाव सांगणाऱ्याची पाठ कोणती आणि ऐकणाऱ्याची कोणती, हे बघत बसायला बायांना सवड नव्हती. जी वाकलेली दिसली तिच्यावर बुक्के बसले, आणि सगळ्यांत वर माझी होती. शेजारच्या आसेगावहून आलेल्या शेतकरी बायांचे हात होते ते. विलायणाची ताकद म्हणतात ती मी त्या दिवशी पाठीवर मोजली.

मी उठलो तेव्हा बाया एकमेकींकडे बघत होत्या. बारसं झालं की नाही, हेच कुणाला कळेना. शेवटी सुईण धनीबाईकडे सगळ्यांनी पाहिलं. धनीबाईने आधी बाळाचा कान पाहिला, मग माझा.

"नाव ज्याच्या कानात पडलं त्याचं झालं," ती म्हणाली. "बुक्के बी त्यालेच पडले. आता हा विलायन. लेकरू अजून कोरंच हाय."

"मंग घ्या माह्या आज्याचं नाव!" कस्तुराबाई इतक्या झटकन म्हणाली, की तिने हे आधीच ठरवलं असावं. गोजराबाई पुन्हा वाकली, आणि या वेळी दोन बायांनी मला दंडांना धरून लांब उभं केलं.

पुंजाजी आता चांगलाच गुटगुटीत झालाय. पार्सलचा काटा त्याच्या वजनाने हलतो, आणि तो हलला की मी दिवसभर खूष असतो. गावात मात्र मला जगदेव कुणी म्हणत नाही. खिडकीशी आलेला माणूस विचारतो, "विलायनबाबू, गाडी पाडली का आली?"

लोकांचं एक वेळ चालेल. पण नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा नियम कस्तुराबाईने कधी मोडला नव्हता, आणि आजही मोडत नाही. हे नाव खरं नाही, म्हणून घ्यायला हरकत नाही, असं तिचं म्हणणं. नळावर हंडा भरला की ती सगळ्या क्वार्टरांना ऐकू जाईल अशी हाक देते, "अवो विलायन, हंडा उचला!"

मी जातो, आणि दोन्ही हातांनी उचलतो. हंडा ती घेते. मी कळशी उचलतो, तीही ती आधी अर्धी ओतून देते.