निकमकाकांच्या नडग्या

निकमकाकांना तुम्ही पहिल्यांदा भेटायला गेलात, की ते आधी तुम्हाला खुर्ची देत आणि मग स्वतःच्या विजारीचा पाय गुडघ्यापर्यंत वर सारत. नडगीवर बोट ठेवून सांगत, "हा खड्डा रावळपिंडीचा. हा कोलंबोचा. आणि हा बघ, नैरोबीचा. हात लावून बघ, शरमू नको." लोक शरमत नसत, घाबरत.

काका म्हणजे ग्वाल्हेर संस्थानाच्या हॉकी टीमचे फुलबॅक. नोकरी फौजेत हवालदाराची, पण हातात बंदुकीपेक्षा स्टिकच जास्त. एकदा देशाच्या टीमबरोबर बोटीनं आफ्रिकेलाही जाऊन आले. साऱ्या आयुष्यात त्यांनी एकही गोल केला नाही आणि याचा त्यांना कोण अभिमान! चेंडू पायानं अडवणं हा फाऊल आहे, असं कुणी म्हणालं तर त्यांचं उत्तर तयार असे, "अंपायरनं पाहिलं तर फाऊल. नाही पाहिलं तर नडगी पण स्टिकच."

ज्यानं खड्डा पाडला त्याच्याबद्दल मात्र कधी वाकडा शब्द नाही. "पक्का खेळाडू. भगवान त्याचं भलं करो," एवढंच. एकदा दाल बाजारात पोत्यांनी भरलेल्या हातगाडीनं त्यांना चांगलंच ठोकरलं. काकांनी गाडीवाल्याची पाठ थोपटली, त्याला चहा पाजला आणि इतक्या जोरानं अंगावर येणारे आता राहिले नाहीत म्हणून हळहळले. तो बिचारा अर्धा चहा टाकून पळाला.

याच नडग्यांनी त्यांचं लग्नही मोडलं. मुलगी पाहायला गेले होते. पोहे झाले आणि मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, खेळता म्हणे आपण? पुढचं काय सांगू? मुलगी जी आत गेली ती परत बाहेर आली नाही. त्यानंतर काकांनी तो नादच सोडला. दोन खोल्यांत एकटे राहत, आपल्या भाकऱ्या आपण थापत.

पुढे संस्थान विलीन झालं, फौज गेली, टीम पांगली आणि काका आमच्या कचेरीत आवक-जावक सांभाळायला आले. शेजारच्या टेबलावर मी. दुपारी त्यांची अर्धी भाकरी न विचारता माझ्या डब्यात येई. नको म्हटलं तर खांद्यानं असा धक्का देत, की मी खुर्चीसकट सरके. माया करायची त्यांना तेवढीच एक रीत ठाऊक होती.

मग राज्यांची पुनर्रचना झाली. राजधानी भोपाळला गेली आणि मागोमाग आमची कचेरीही निघाली. इथे ग्वाल्हेरला फक्त एक कारकून ठेवायचा होता. फौजेतली वर्षं धरून नोकरीत काकाच सगळ्यांत जुने, तेव्हा ती जागा त्यांचीच, यात कुणालाच शंका नव्हती. माझे वडील तेव्हा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. प्रवास त्यांना झेपायचा नाही, असं कंपू भागातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. भोपाळला जावं तर वडील मागे राहतात, न जावं तर नोकरी जाते. घरात आम्ही नवराबायको जेवताना एकमेकांकडे बघायचंही टाळत होतो.

एके दिवशी साहेबांनी मला बोलावून सांगितलं, की तुम्ही इथेच राहा. निकम आपणहून भोपाळला जाताहेत. त्यांच्या गुडघ्यांना म्हणे इथली थंडी सोसत नाही, वैद्यानं तलावाकाठची हवा सांगितली आहे. दुखऱ्या गुडघ्यांना तलावाकाठची दमट हवा सांगणारा वैद्य मी अजून शोधतो आहे. मी तडक काकांपुढे जाऊन उभा राहिलो.

त्यांनी वर पाहिलंच नाही. पाकिटं लावता लावता म्हणाले, "आपला तर अकेला जीव, जोशी. इथं काय ठेवलंय माझं? तू बापाजवळ राहा."

वडील शेवटचं पाणी माझ्या हातून प्यायले, ते या माणसामुळे. हे उपकार फिटणारे नाहीत आणि फिटावेत असं मला वाटतही नाही.

ते निघाले त्या सकाळी मी बायकोला घेऊन स्टेशनवर गेलो. तिनं वाटेसाठी दशम्या करून घेतल्या होत्या. काका खिडकीशी बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी मागे वळून बघितलं. आम्ही दुसऱ्याच कुणाला पोचवायला आलोय असं त्यांना वाटलं असावं. बायकोनं दशम्या हातात दिल्या, तेव्हा त्यांनी त्या मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी धरल्या.

मग हळूच म्हणाले, "टीमबरोबर इतके वेळा निघालो ना मी. प्लॅटफॉर्मवर सगळ्यांची माणसं यायची. कोणाची आई, कोणाची बायको. माझं कोणी नाही हे दिसू नये, म्हणून मी त्यांच्याच माणसांना हात करत बसायचो."

गाडी हलली. आम्ही दोघं गाडीबरोबर चालू लागलो आणि "निकमकाका, निकमकाका" अशी मोठ्यानं हाक मारत राहिलो, आम्ही कुणासाठी आलो आहोत हे साऱ्या डब्याला कळावं म्हणून.